दार तिकडं हाय

घरं बांधणारे गुत्तेदार मी आयुष्यात पुष्कळ पाहिले, पण दारात आलेल्या गिऱ्हाइकाला घर बांधण्यापासून परावृत्त करायला जिवाचा एवढा आटापिटा करणारा गुत्तेदार अख्ख्या मराठवाड्यात एकच होऊन गेला आणि तो नेमका आमच्या घराण्यात निघाला. हे माझे मामा, म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ. कुंभार पिंपळगावपासून शहागडपर्यंतच्या पट्ट्यात त्यांनी उभी हयात विटा-मातीत घालवली. कानावर पेन्सिलीचं थोटूक, पांढऱ्या पायजम्याच्या गुडघ्यांवर सिमेंटचे कायमचे ठसे आणि खिशात सुतळीचं एक भेंडोळं, अशा अवतारात ते लग्नालाही जायचे आणि सांत्वनालाही. मामी म्हणायची, "ह्यांच्या कपड्यावरून न्हाई कळत हे कुठं चाल्ले. घरी आल्यावर इचारावं लागतं."

गिऱ्हाईक आलं की बाकीचे गुत्तेदार आधी चहा सांगतात आणि मग आपण बांधलेल्या बंगल्यांचे फोटो दाखवतात. मामा आधी चूक दाखवायचे. शहागडला एका गुरुजींचं दुमजली घर त्यांनी तरुणपणी बांधलं होतं. त्या घराच्या जिन्याची पाचवी पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा दोन बोटं उंच झाली होती. मामा नव्या गिऱ्हाइकाला आपल्या फटफटीवर मागं बसवून थेट तिथं न्यायचे आणि काही न सांगता "वर चढा" म्हणायचे. गिऱ्हाईक पाचव्या पायरीला ठेचकाळलं की मामांचा चेहरा उजळायचा. "ही माझी चूक," ते म्हणायचे. "अशी एखादी तुमच्याबी घरात व्हईल. चालंल का? जल्दी न्हाई, घरी जाऊन इचार करा." निम्मी माणसं विचार करायला जी जायची, ती परत यायचीच नाहीत. पायरी फोडून पुन्हा बांधून देतो असं मामांनी गुरुजींना शंभरदा सांगितलं असेल, पण गुरुजी तयार नव्हते. त्यांच्या घरच्यांच्या पायांना ती पायरी इतकी सवयीची झाली होती की त्यांची लेकरं दुसऱ्यांच्या सरळ जिन्यावर अडखळायची. गुरुजींच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीही मामा असेच कुणाला तरी घेऊन धडकले, तेव्हा तो सोशिक माणूस मुंडावळ्या बांधलेल्या जावयाला बाजूला सारून दारात आला आणि म्हणाला, "गुत्तेदार, आज मांडव हाय दारात. आज तरी पायरी दाखवू नका." मामा वरमले, पण माघारी फिरले नाहीत. गिऱ्हाईक लांबून आल्तं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

घर दिसलं की त्यांच्या हातांना कंड सुटायची. वीट वाजवून बघायची, गिलाव्यावर हात फिरवायचा, छतावर पाणी साचतं का ते डोकावून बघायचं. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही अंबडच्या बाजूला गेलो होतो. पोह्यांच्या बशा आल्या, मुलगी आली, मुलीला तिचं शिक्षण विचारून झालं आणि बघतो तर मामा जागेवर नाहीत. तासाभरानं ते कोपरापर्यंत चिखलानं माखलेले गच्चीवरून उतरले. "तुमच्या पन्हाळीत कावळ्यानं घरटं केल्तं," ते मुलीच्या वडिलांना म्हणाले. "आता पाणी बराबर जाईल." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मुलीचे वडील मात्र तसेच उठून आत गेले आणि त्यांनी होकार कळवून टाकला. त्या लग्नात माझ्या शिक्षणाचा आणि जिल्हा परिषदेतल्या नोकरीचा फारसा हात नव्हता, हे माझी बायको आजही चारचौघांत सांगते.

पण मामांची खरी ख्याती होती ती फक्कीच्या घरामुळं. पायरीची परीक्षा देऊनही जो परत येई, त्याच्या प्लॉटवर मामा एक दिवस सकाळीच चुन्याची फक्की घेऊन हजर व्हायचे आणि ठरलेलं अख्खं घर जमिनीवर आखायचे. भिंती, दारं, चूल, देवघर, मोरी, सगळं खऱ्या मापाचं. मग त्या कुटुंबानं एक पूर्ण दिवस त्या पांढऱ्या रेषांच्या आत राहायचं. तिथंच स्वयंपाक, तिथंच जेवण, तिथंच दुपारची वामकुक्षी. दिवस मावळला की मामा विचारणार, "काय वाटलं? ऱ्हावंसं वाटतं का हितं?" उत्तर मनापासून आलं तरच ते काम घ्यायचे. बाकीचे गुत्तेदार शेवटी चुना लावतात आणि आमचे आधीच लावतात, असं गावात लोक म्हणायचे, आणि हे मामांच्या कानावर गेलं की ते स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

या एका दिवसाचे कायदे मात्र कडक होते. रेष ओलांडायची नाही. रेष म्हणजे भिंत. कुणी चुकून रेषेवरून पाय टाकला की मामा असतील तिथून ओरडायचे, "भिंतीतून कुठं चाल्लात? दार तिकडं हाय." जांब समर्थकडं चाललेली माणसं रस्त्यात गाड्या थांबवून हा तमाशा बघायची. मोकळ्या माळावर एक थोराड माणूस दोन पावलांवरचा तांब्या घ्यायला तीन खोल्यांना वळसा घालतोय आणि त्याची बायको नसलेल्या खिडकीतून त्याला रागे भरतेय. दोन सख्ख्या भावांनी एकदा जोडघर बांधायचं काढलं होतं, मधे सामाईक भिंत आणि दोन चुली. फक्कीच्या घरात दोघं भाऊ सकाळी आपापल्या बाजूला जाऊन बसले. दुपारी धाकट्याच्या बायकोनं कालवण द्यायला हात पुढं केला तो रेषेवरून, आणि मामा ओरडले, "भिंत हाय तिथं. रस्त्यावरून जा." ती बिचारी वाटी घेऊन घराबाहेर पडली, उन्हातून वळसा घालून जावेच्या दारात आली आणि तिथंच रडायला लागली. संध्याकाळी भावांनी घर बांधण्याचा बेत रद्द केला. मामांच्या हातचं त्या वर्षातलं सगळ्यांत मोठं काम गेलं. मामीनं दोन दिवस अबोला धरला. मामा तिला समजावत राहिले, "अगं, भिंत घातल्यावर कळलं असतं तर मंग काय केलं असतं त्यांनी?"

आता माझ्याबद्दल सांगतो, आणि ते सांगताना मला बरं वाटत नाही.

कुंभार पिंपळगावात जांबच्या रस्त्याला आमचा एक प्लॉट होता. वडिलांनी घेऊन ठेवलेला. आई माझ्याजवळ जालन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात राहायची. तिच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची, आणि त्या भिंतीवरून पाण्याचे दोन पाइप गेलेले होते. गावाकडं जमिनीवरचं घर असावं, दारात बसता यावं, जाणाऱ्या-येणाऱ्याला "कुठं चाल्लास रं?" म्हणून विचारता यावं, एवढंच तिला हवं होतं. मी मामांना शब्द टाकला. भाचा म्हणून मला सवलत नव्हती. शहागडला जाऊन मी पाचव्या पायरीला ठेचकाळून आलो आणि मग एका रविवारी आमचं फक्कीचं घर आखलं गेलं.

तो दिवस मला आजही आठवतो. बायको तीन विटांच्या चुलीपाशी भाकरी थापत होती. मामांनी तिला उभं राहायला लावलं, तिच्या कोपरापाशी सुतळी धरली आणि जमिनीपर्यंतचं माप घेऊन सुतळीला एक गाठ मारली. "चुलीचा वट्टा तुमच्या हाताच्या मापानं व्हईल, सूनबाई. पुस्तकातल्या मापानं बाया पाठ धरून बसत्यात." माझी दोन्ही मुलं दिवसभर भिंती ओलांडून मामांना छळत होती, आणि मामा दिवसभर न कंटाळता त्यांना दार दाखवत होते. आईच्या खोलीत त्यांनी खरीखुरी बाज टाकली होती. त्या खोलीत जाताना मात्र मामा रेषेतल्या फटीपाशी थांबायचे, चपला काढायचे, घसा खाकरायचे आणि विचारायचे, "आक्का, येऊ का?" चारी बाजूंनी आरपार दिसणाऱ्या त्या खोलीत बसलेली आई गंभीरपणानं म्हणायची, "ये की."

दुपारी त्यांनी आईला बाजेवर नीट बसवलं आणि ते स्वतः तिच्या शेजारी उकिडवे बसून रस्त्याकडं बघायला लागले.

"आक्का, काय दिसतंय?"

"रस्ता दिसतोय. जांबला चाल्लेली मानसं दिसून राह्यली. ती बघ, एसटी आली."

"मान उचलावी लागती का?"

"न्हाई, बिलकुल न्हाई."

मामांनी तिच्या डोळ्याच्या उंचीवर सुतळी धरली, जमिनीला टेकवली आणि दुसरी गाठ मारली. "खिडकीचा मध्य हितं येईल. मोठ्या खिडक्या समदेच करत्यात. आपली खाली पाहिजे. बसल्या जागी गाव दिसाय पाहिजे." निघताना आईनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि जिथं उंबरठा होणार होता, तिथल्या मातीला हळद-कुंकू वाहिलं. मामांनी मला विचारलं, "काय वाटलं?" मी म्हणालो, "छान आहे मामा. कळवतो."

हा 'कळवतो' मी पुढची सात वर्षं पुरवला. कारणं नेहमीचीच. मुलांची शिक्षणं, बायकोचं ऑपरेशन, माझी बदली होणार होणार म्हणून चाललेली टांगणी. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नाही. ऑफिसातल्या एकानं जालन्याचा एक गुत्तेदार घरी आणला होता. त्यानं मोबाइलवर आमचं घर दाखवलं. त्यात कारंजं होतं, दारात झुलणारी वेल होती आणि गॅलरीत एक गोरी बाई कॉफी पीत उभी होती. मी त्याला हो म्हणालो नाही, पण ते घर माझ्या डोळ्यांत भरलं. मामांच्या त्या पांढऱ्या रेषांचं नाही म्हटलं तरी मला थोडं हसू यायला लागलं. आई त्या मोबाइलमध्ये बराच वेळ बघत होती. मग तिनं एकच विचारलं, "ह्यात मी कुठं बसते?"

ही गोष्ट मामांच्या कानावर गेली. आमच्याकडं अशा गोष्टी एसटीनं येतात आणि जालन्याहून पिंपळगावला दोन तासांत पोचतात. मामांनी एवढंच केलं की फक्कीचं पोतं घेऊन ते प्लॉटवर गेले आणि पावसानं पुसट झालेल्या रेषा पुन्हा ताज्या करून आले. मग दर पावसानंतर जायला लागले. गवत वाढलं की खुरपून काढायचं, रेषा ओढायच्या आणि मला फोन करायचा. "आज घर नीट केलं. आक्काच्या खोलीत बोकड शिरल्ते, काढून दिले. तुझं चालू दे, घाई न्हाई." मी हसून "हो मामा" म्हणायचो. फोन ठेवल्यावर आई विचारायची, "काय म्हणतो?" मी सांगायचो, "घर आखून ठेवलंय म्हणतात." एवढ्यावर तिचे दोन दिवस आनंदात जायचे. सात वर्षं माझी आई त्या रेषांवर राहिली, असं म्हटलं तरी चालेल.

आई त्याच दुसऱ्या मजल्यावर गेली. शेवटचे पंधरा दिवस ती कुशीवर पडून त्या दोन पाइपांकडं बघत होती. तिच्या दहाव्याला मामा आले. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ येऊन बसले आणि जमिनीवर बोटानं काहीतरी आखत म्हणाले, "एक इचारू? माझ्यावर तुझा भरवसा बसला न्हाई ना?"

"तसं नाही मामा," मी म्हणालो.

"मंग कसं?"

ज्या माणसानं अनोळखी लोकांचा भरवसा कमवायला स्वतःच्या चुका गावभर दाखवल्या, तो सात वर्षं समजत होता की आपलाच भाचा आपल्याला पारखतोय. आपलं काहीतरी कमी पडतंय असं समजून तो दर पावसानंतर रेषा ओढत होता. मी त्यांना पारखत नव्हतोच. मी मोबाइलमधल्या घराला भुललो होतो आणि नुसता टाळत होतो. हे त्यांना तिथंच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मनात येतं आणि स्वतःचा राग येतो.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो आणि पहिल्यांदा मामांना गाडीत घालून प्लॉटवर नेलं. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, फक्कीचं पोतं उचलणं कधीच सुटलं होतं आणि प्लॉटवर गुडघाभर गवताशिवाय काही नव्हतं. मी त्यांचा हात धरून त्यांना पुढं न्यायला लागलो, तर त्यांनी हात सोडवून घेतला. रस्त्याकडं पाठ करून सहा पावलं चालले, डावीकडं वळले, थांबले, पाय उचलून उंबरठा ओलांडला आणि घरात आले. सूनबाईच्या चुलीपाशी गेले, देवघराला हात जोडले. मी त्यांच्या मागं मागं चालत होतो. एका ठिकाणी ते थबकले. त्यांनी चपला काढल्या, घसा खाकरला आणि म्हणाले, "आक्का, येऊ का?"

गवतात वारा होता. रस्त्यावरून एक एसटी गेली. मामा आत गेले नाहीत. मग त्यांनी खिशातून ते भेंडोळं काढून चाचपलं, त्यातली दोन गाठींची एक सुतळी अलगद सोडवली आणि माझ्या हातावर ठेवली. "आता माझ्यानं व्हनार न्हाई. दुसरा बराबर मानूस बघ," ते म्हणाले. मी तेव्हा कुठं त्यांना सांगितलं, "मामा, भरवशाचा प्रश्न कधीच नव्हता. मीच आळशी निघालो." ते हसले. "मंग ठीक हाय," म्हणाले आणि गाडीपर्यंत येताना त्यांनी माझा हात धरला. त्या दिवाळीनंतर मामा गेले.

मागच्या महिन्यात मी स्वतः फक्की आणून घर आखलं. बायको मोजमाप सांगत होती. रेषा वाकड्यातिकड्या आल्या आहेत, मामांनी मला दारात उभं केलं नसतं. तेव्हापासून गुत्तेदारांना बोलावतोय. पहिले तिघं मोबाइल काढत सरळ भिंतीतून आत आले. मी त्यांना चहा पाजला आणि पाठवून दिलं. चौथा परवा आला, घनसावंगीकडचा, बोलायला जरा कमीच. तोही चालता चालता रेषेवर आला आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "भिंतीतून कुठं चाललात? दार तिकडं आहे." त्यानं चमकून माझ्याकडं बघितलं, मग पायाखाली बघितलं. पाय मागं घेतला, पुसलेली रेष बोटानं सारखी केली आणि वळसा घालून दारातून आत आला.

सगळं घर त्यानं फिरून बघितलं. रस्त्याच्या अंगाच्या खोलीपाशी थांबून त्यानं विचारलं, "ही खोली कुणासाठी, काका?"

"आईची."

"कधी यायच्यात त्या राहायला?"

मी त्याला सुतळी दिली. एक गाठ वट्ट्याची आणि ही दुसरी या खोलीच्या खिडकीच्या मध्याची, असं सांगितलं. त्यानं सुतळी जमिनीला टेकवून माप बघितलं आणि म्हणाला, "लईच खाली व्हईल हो. उभ्या माणसाला वाकून बघावं लागंल."

"उभ्या माणसाला नकोच आहे," मी म्हणालो. तो खाली बसला, सुतळीच्या गाठीपाशी डोळे नेले आणि तिथून रस्त्याकडं बघत राहिला. जांबला चाललेली माणसं दिसत होती. काम मी त्यालाच दिलं आहे.